चार बोटं जास्त

८ नोव्हेंबर, शनिवार

सागर सरांचं वाटोळं होवो.

रोजनिशी आजपासून. सूड घेणाऱ्यानं डोकं थंड ठेवावं आणि डोकं थंड ठेवायला लिहावं, असं एका रीलमध्ये ऐकलं. कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. वाचलंच कोणी, तर त्यालाही बघून घेईन.

झालं ते असं. दुपारी इमरानचा अकोल्याहून फोन आला. (इमरान माझा रूम पार्टनर. कॉलेज सोडलं तेव्हा माझी बादली त्याच्याकडेच राहिली.) आधी बादली फुटल्याचं सांगितलं. मग म्हणाला, यार कुलदीप, बैठ जा, मोनालीची सोयरीक जमली. मी बसलेलो होतो तो उभा झालो. कोणाशी म्हटलं, तर म्हणे तुमच्याच अमरावतीचा मास्तर आहे कोणी, राजापेठेत ट्यूशन घेते, सागर नाव आहे.

राजापेठेत! आमच्या मागच्या गल्लीत!

मोनालीचं आणि माझं काय होतं ते शब्दांत येत नाही. बी.एस्सी. सेकंड इयर. ती तिसऱ्या बेंचवर, मी शेवटच्या. बोलणं असं झालं नाही, गरजच नव्हती. एकदा ग्रुपवर तिनं फिजिक्सच्या जर्नलचे फोटो मागितले. मी पर्सनलवर अख्खं जर्नल पाठवलं, इंडेक्ससकट. तिचा अंगठा आला. पोरगी असा कोणालाही अंगठा देत नाही. इमरान म्हणतो, मेसच्या डबेवाल्यालेही देते ते. इमरानला प्रेमातलं काही कळत नाही.

तिचे बाबा किसनराव. बार्शीटाकळीचे. घरच्या वावरातली भाजी अकोल्याच्या बाजारात आणून विकतात. मोनाली कधीमधी दुकानावर बसते असं ऐकलं होतं, म्हणून मी रोज मेथी घ्यायला जायचो. ती एकदाही नव्हती. किसनराव मात्र दर वेळी थोडी कोथिंबीर वरून फुकट टाकायचे. सबंध सेमिस्टर रूमवर मेथी. इमरान अजूनही मेथी म्हटलं की शिव्या देतो.

कॉलेज मी सोडलं, कॉलेजनं मला नाही. एका पोट्ट्यानं तिला पेन दिला. त्याला समजावायला गेलो. समजावताना लॅबचं टेबल उलटलं. प्राचार्य म्हणाले, पालकांना आणा. मी म्हटलं, कॉलेजच ठेवा तुमच्याजवळ. असं तोंडावर म्हणणारा दुसरा कोणी नव्हता. शिपाईसुद्धा बघत राहिला.

संकल्प: सागरचा सूड. पाचला उठणे. मोनालीचा डीपी दिवसातून एकदाच बघणे.

९ नोव्हेंबर, रविवार

साडेनऊला उठलो. रविवारी शरीराला सुट्टी लागते.

डीपीला तिनं पिवळं गुलाब ठेवलं आहे. पिवळं म्हणजे मजबुरी. घरच्यांचा दबाव आहे हे स्पष्ट आहे. नंतर खात्री करायला पुन्हा पाहिला. मग नेट चालू आहे का ते बघायला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

राजापेठेच्या रस्त्यावर सागरच्या क्लासचा फ्लेक्स आहे. हाताची घडी, चष्मा, मागे गणिताची सूत्रं उडताहेत. फोटो छातीपर्यंतच. मोठ्या हुशारीनं काढला आहे, कारण माणूस बुटका आहे. माझ्या खांद्याला लागेल.

दुपारी फाडायला चढलो. ब्लेड न्यायचं विसरलो. दातानं करून पाहिलं. फ्लेक्स दातानं फाटत नाही. उतरताना शर्ट खिळ्यात अडकला आणि तेवढ्यात क्लास सुटला. पोट्टे जमले. सागर स्वतः शिडी घेऊन आला. पाणी दिलं. म्हणाला, अ‍ॅडमिशन पाहिजे असंन तं खाली ऑफिस आहे ना भाऊ, वरून काहून येऊन राहिले? पोट्टे खिदळले.

पाणी प्यायलो. तहान आणि वैर वेगळं ठेवावं.

पण आता सोडत नाही. आता तं नाहीच नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

देव आहे!

आमच्या घरी दोन धंदे. बाबा हार-फुलं विकतात, आई घरी बसून लोकांचे कपडे आखूड करते. रेडीमेड पँटा, पोरींचे लेहेंगे, शाळेचे स्कर्ट, मध्येच साडीचं फॉल-पिको. कपडेच लांब येतात की अमरावतीचे लोक आखूड होत चालले, माहीत नाही, पण ढीग संपत नाही. आई रोज म्हणते, कॉलेज गेलं तं जाऊ दे, निदान जुन्या शिलाया उसवत जाय माह्यासाठी, तोडफोड तं तुले चांगली जमते. मी लक्ष देत नाही.

आज सागरची आई आली. कॅरीबॅगमध्ये नेव्ही ब्लू पँट, खालून उघडी, दुमडायची बाकी. म्हणाली, साक्षगंधाचा सूट आहे, दुकानातला अल्टरवाला गावाले गेला, तुमच्याबिगर भरोसा नाही संध्याबाई. मापाला सागरची जुनी पँट आणली होती. अजून बरंच बोलत होती, सोयऱ्याकडं पोचवाची आहे, ते तिकडंच ताटात ठेवतीन, असं काहीतरी. मी ऐकलं नाही. मी पँटकडं बघत होतो. नेव्ही ब्लू! कॉलेजच्या गॅदरिंगसाठी मी घेतलेली पँट नेव्ही ब्लू. पोरगी नेली ती नेली, रंगही नेला.

आणि प्लॅन सुचला. साक्षगंधात, भर साखरपुड्यात, सागर सर सूट घालून उभे राहणार आणि पँट घोट्याच्या वर. पोटऱ्या उघड्या. पाहुणे हसतील. मोनाली बघेल. सोयरीक मोडेल. रक्ताचा थेंब नाही, पोलीस नाही.

आईला म्हटलं, ही पँट मी करतो. आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, लोकाच्या नव्या पँटवर कोणी शिकते का रे? साक्षगंधाले वेळ आहे. आधी घरच्या कपड्यावर हात बसव, मग पाहू.

ठीक. बिघडवायचं तर आधी जमलं पाहिजे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाबांचा पायजमा घेतला. डावा पाय बरोबर झाला. उजवा जरा लांब राहिला. उजवा बरोबर केला तर डावा लांब दिसायला लागला. चूक पायजम्याची आहे, मुळात कापड तिरपं. दुपारपर्यंत गुडघा आला.

बाबा तोच घालून फुलं आणायला गेले. परत येऊन म्हणाले, हवा चांगली लागते, दुसराही करून दे. बाबांना उपरोध कळत नाही, त्यामुळे ते करतात की नाही हेही कळत नाही.

इमरानला प्लॅन सांगितला. तो म्हणाला, अबे, आजकल तं तीच फॅशन आहे, अँकल लेंथ. नवरदेव हिरो दिसंन अन् तू टेलर.

या मुद्द्याचा मी विचार केला नव्हता. म्हणजे केला होता, पण लिहिला नव्हता. दोन बोटं जास्त कापली तर फॅशन होते. चार बोटं कापली तर बदनामी. चार ठरलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

प्रगती जोरात. मशीन उलटी फिरत नाही आता. बॉबिन भरता येतं. बोटात सुई गेली, रडलो नाही. डोळ्यांत पाणी आलं ते कांद्यामुळे. आई कांदा कापणारच होती.

आई शिकवताना एका जागी थांबत नाही. एक टाका दाखवते, मग गॅसकडं जाते, तिकडून ओरडते, आता मी काय केलं ते कर. स्वतःची सुई हरवते आणि माझ्या नावानं शंख करते. म्हणून मी माझी सुई शर्टाच्या कॉलरच्या आतून टोचून ठेवतो, दोरा ओवलेली. वैऱ्याच्या मुलखात हत्यार जवळ पाहिजे.

हाताची तुरपाई वेगळीच गोष्ट आहे. आतून टाका घ्यायचा, बाहेर कापडाचा एकच दोरा उचलायचा. बरोबर जमलं तर बाहेरून काही दिसतच नाही. शेजारच्या पोरीच्या लेहेंग्याचा घेर आज एकट्यानं पूर्ण केला. आईनं उलटापालटा करून पाहिला आणि काहीच बोलली नाही. आई काहीच बोलली नाही, असं माझ्या आठवणीत पहिल्यांदा झालं.

मजा येते असं नाही. सूड आहे हा.

डीपी अजून पिवळं गुलाब. आज दोनदाच पाहिला. सकाळी दोनदा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज.

आईनं सागरच्या जुन्या पँटवरून नव्या पँटवर खडूची खूण केली. म्हणाली, मी भजनाले जाऊन येतो, खुणेवर काप, आत दोन बोटं दुमडाले ठेव, अन् कापायच्या आधी एकदा देवाचं नाव घे. गेली.

मी खूण थुंकी लावून पुसली. चार बोटं वर नवीन ओढली. देवाचं नाव घेतलं नाही. सागरचं घेतलं.

कात्री चालली तेव्हा कापडाचा जो आवाज आला तो लिहून ठेवता येत नाही. तिसऱ्या बेंचपासून शेवटच्या बेंचपर्यंतचं सगळं त्यात होतं.

मग शिवायला बसलो. खरं तर कशीही शिवली असती तरी चाललं असतं. पण हात ऐकेना. इतकी सफाईदार तुरपाई मी अजून केली नव्हती. बाहेरून एक टाका दिसत नाही. इस्त्री मारली, घडी घातली, घडीत काही कळत नाही.

इमरानला सांगितलं. त्यानं आधी किती बोटं ते विचारलं. मग म्हणाला, भाई, मोनालीचं काय होईन? मी म्हटलं, सुटका.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सागरची आई पँट घेऊन गेली. घडीवरूनच हात फिरवून म्हणाली, काय सफाई आहे! घरी घालून बघणार का, म्हणून मी सहज विचारलं. म्हणाली, छे, आता हे उद्या बार्शीटाकळीले पाठवतो, तिथंच घालतीन. म्हणजे ट्रायलच नाही! शत्रू स्वतः खड्ड्याकडं चालला आहे.

साक्षगंधाचे हार बाबांकडेच. आणखी एक योग. बाबा म्हणाले, हार घेऊन तूच जाय त्यायच्या गाडीत, ताजे राहाले पाहिजे, वर पाणी मारत राहशीन. मी आढेवेढे घेतले आणि हो म्हटलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आईला मशीनखाली पँटच्या पट्ट्या सापडल्या. हातात धरून म्हणाली, एवढी रुंद पट्टी कशी निघाली रे? मी म्हटलं, रेडीमेडवाले जास्तच कापड सोडतात. ती म्हणाली, चांगलं जाड आहे. आणि दोन्ही पट्ट्या गॅसजवळ ठेवल्या, गरम भांडी उतरवायला.

संध्याकाळी आईनं चहाचं पातेलं माझ्या सुडानं धरून उतरवलं. मी चहा घेतला नाही. मग घेतला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तयारी पूर्ण. उद्या सोयरीक मोडली की पुढं काय, याचा कोणीच विचार केलेला नाही. मंडप आहे, पाहुणे आहेत, पोरगी नटून बसलेली आहे. अशा वेळी कोणीतरी उभं राहायला लागतं. माझी गॅदरिंगची नेव्ही ब्लू पँट इस्त्री केली. पांढरा शर्ट. दाढी. वाक्य पाठ केलं: काका, माणूस कपड्यावरून पारखू नका, मनावरून पारखा. मी आहे.

आरशासमोर तीनचारदा म्हटलं. बाबा म्हणाले, कोणाले म्हणून राहिला रे काका?

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी, गाडीत

मागच्या सीटवर, टोपली मांडीवर. पुढं सागर, पांढऱ्या कुर्त्यात. मूर्तिजापूरला चहा. त्यानं मला पण आणून दिला, बिस्किटासकट. प्यायलो. शेवटचाच.

त्याच दिवशी, परतीच्या गाडीत

अक्षर तिरपं जातं आहे. गाडी उडते आहे म्हणून.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. नंतर झालं ते ठरलेलं नव्हतं.

सागर पाटावर बसला. कुंकू लागलं. मग किसनरावांनी ताट आणलं. ताटात सूट, सगळ्यांत वर माझ्या हातची पँट. मला कळेना, सागरचा सूट किसनरावांच्या ताटात काय करतो. बाजूच्या म्हाताऱ्याला विचारलं. त्यानं मला वरून खाली पाहिलं. म्हणाला, कोण्या गावचा आहे रे तू? साक्षगंधात नवरदेवाचा कपडा पोरीकडचाच असते ना. पसंत त्यानं करावं, पैसे सोयऱ्यानं द्यावे, अन् घालावं इथं, चार माणसायच्या समोर ताटातून उचलून.

सागर ताट घेऊन आतल्या खोलीत गेला. मी टोपली घट्ट धरली.

दार उघडेना. बँडवाल्यानं एकच धून दुसऱ्यांदा वाजवली. शेवटी सागरचा मामा नत्थुजी आत गेला. मिशीवाला, मोठ्या पोटाचा. बाहेर आला तो लाल होऊन. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, किसनराव, जावयाले साक्षगंधात कबड्डी खेळाची आहे का?

हसले लोक. मी ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त हसले. पण सागरकडं बघून कोणी हसत नव्हतं, तो तर आत होता. सगळे किसनरावांकडं बघत होते.

किसनराव हात जोडून म्हणत होते, मोठ्या दुकानातून घेतला जी, जावयानंच पसंत केला. मामा म्हणाला, मंग आटला कसा? सस्त्यातलं कापड, इस्त्रीले पाणी मारलं असंन तुमी, गेलं आटून. सागरच्या आईनं सांगून पाहिलं की पँट संध्याबाईच्या घरची आहे, तिथलं माप चुकूच शकत नाही. आईची एवढी इज्जत आहे हे मला माहीत नव्हतं. त्या इज्जतीमुळे माझ्यावर कोणाचाही शक गेला नाही. सगळा किसनरावांवर गेला.

किसनरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्या हातांनी ते मेथीची जुडी बांधायचे.

मोनाली दाराआड उभी होती. नवी साडी. मान खाली. कोणाला शोधत नव्हती.

मामा म्हणाला, ज्याले एक पँट घेता येत नाही तो लग्न काय लावून देईन! चपला घाला रे सगळे.

हाच तो क्षण. सोयरीक मोडत होती. कोणीतरी पुढं व्हायचं होतं. वाक्य पाठ होतं. मी पुढं झालो, तोंड उघडलं, आणि आलं ते असं, मामाजी, दोन मिनटं थांबा, माही पँट आहे.

हे कसं झालं याचा तपास करावा लागेल. उपाशी होतो. फक्त बिस्किट.

आत सागर खाटेवर बसलेला. वर कोट आणि टाय, खाली पोटऱ्या. मला म्हणाला, मी मामाले म्हणून राहिलो, मले चालते, असाच येतो बाहेर, पण तो ऐकतच नाही. किसनरावचं तोंड पाहिलं का भाऊ तुमी? माह्यामुळं झालं, मीच घरी घालून पाहाले पाहिजे होती.

अशा माणसाचा सूड घेणं फार अवघड जातं. थोडं तरी वाईट वागायला पाहिजे होतं त्यानं.

मी माझी पँट काढून दिली. रंग तोच. त्याला ती पायांखाली चुरगळायला लागली आणि कमरेचा हुक लागेना. हुकावर कोट आला. देवसुद्धा त्याच्याच बाजूनं. मी कॉलरमधली सुई काढली आणि त्याच्या पायाशी बसलो. दुमडलं, कच्चा टाका घातला, आधी डावा, मग उजवा, एकमेकाला लावून पाहिले. दोन्ही सारखे. पहिल्याच फटक्यात.

एकदा सुई टोचली त्याला. मुद्दाम. तो म्हणाला, सॉरी भाऊ, मी हललो.

माझा सूड तो एवढाच.

सागर बाहेर गेला. बँड वाजला. मला घालायला उरली होती ती एकच पँट. त्याच्या पोटरीपर्यंत येणारी माझ्या गुडघ्याला पोचेना म्हटलं तरी चालेल, आणि कमरेला सेफ्टी पिन. हार तर द्यायलाच पाहिजे होते. टोपली शक्य तितकी खाली धरून निघालो. आधी लेकरं हसली, मग बाया, मग बँडवाला. मोनालीनं मान वर केली, पाहिलं, आणि तीही हसली. दिवसभरात पहिल्यांदा. माझ्याकडं बघून. याची नोंद असावी.

निघताना किसनरावांनी मला थांबवलं. बराच वेळ तोंडाकडं पाहिलं. म्हणाले, तू मेथीवाला पोट्टा ना रे? दुकानावर रोज याचा. मी मान हलवली. म्हणाले, लेका, आज लाज राखली तू माही. मग मागं गेले आणि ओली मेथी पोतडीभर आणली, वर कोथिंबीर.

मी पोतडी उचलली. चार बोटांचं सांगता आलं असतं. गाडीचा हॉर्न वाजत होता.

मेथी मांडीवर आहे. गुडघे झाकायला उपयोगी.

२ डिसेंबर, मंगळवार

माझी पँट परत आली नाही. सागरच्या आईनं डब्यात लाडू पाठवले आणि निरोप, सागरले फिटिंग पसंत आहे, राहू दे म्हणते, टाके तेवढे पक्के करून द्याल.

आईनं आज धुण्यात ती आखूड पँट उचलली. दोरीवर टाकता टाकता थांबली. गॅसजवळून पट्ट्या आणल्या, पँटच्या खाली धरून पाहिल्या. दोन्हीकडून बरोबर जुळल्या. माझ्याकडं पाहिलं. मी मेथी निवडत होतो. खूप मन लावून निवडत होतो.

वाटलं टेपनं मारेल. म्हणाली, जोड आता हे. म्हटलं, पट्ट्या जळल्या आहेत ना कडेनं. म्हणाली, मंग तसंच घाल. आणि पट्टीनं धरून पातेलं उतरवलं. चहा माझ्यापुढं आपटला.

संकल्प: नवीन वैरी शोधणे. नत्थुजी मामाचा विचार चालू आहे. तो लग्नाला सूट शिवणार असं ऐकतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

मोनालीचा मेसेज आला! पर्सनलवर!

लिहून ठेवतो, जसाच्या तसा. दादा, मी मोनाली, बार्शीटाकळीची. सागर सरांकडून तुमचा नंबर घेतला. माझ्या लग्नाच्या साड्यांचं फॉल-पिको तुमच्याकडेच द्यायचं आहे, बाबा म्हणाले पोरगा भरोशाचा आहे. गुरुवारपर्यंत होईल का? बाबा सांगत होते तुम्ही अकोल्याला राहायचे. कोणत्या कॉलेजला होते?

म्हणजे नंबर सेव्ह नव्हता. जर्नलवाल्या मेसेजच्या खालीच हा आला आहे. वर बोट सरकवलं असतं तर इंडेक्स दिसली असती.

मोठं उत्तर लिहिलं. तिसरा बेंच, पेन, टेबल, मेथी, सगळं. खोडलं. पुन्हा लिहिलं, आणखी मोठं. खोडलं. आई आतून ओरडत होती, सुईत दोरा ओवून दे, मले दिसत नाही.

गुरुवारी देतो, एवढं पाठवलं.

तिचा अंगठा आला.

बराच वेळ पाहिला. तोच आहे, पहिल्यासारखाच. इमरानला फोन लावून विचारलं, खरं सांग, अंगठ्याचा अर्थ काय असते? तो जेवत होता. म्हणाला, मेसेज भेटला, बस, एवढाच असते.